तेरा डोंगर आणि परतीचा टेम्पो

“बिस्किट देऊ नकोस,” असं मी भाचीला म्हणाले तेव्हा उशीर झाला होता. तो खाऊन मोकळा झाला होता आणि आता तिच्या बुटांचा वास घेत होता.

सकाळचे सव्वासहा. कात्रज घाटातला जुना बोगदा, जवळची चहाची टपरी, डिसेंबरातला गारठा. बाकाखालून अंग झाडत आलेला हा कुत्रा तांबूस रंगाचा होता. छातीवर वीतभर पांढरा पट्टा, एका कानाच्या टोकाला खाच. ही खाच म्हणजे नसबंदी झाल्याची खूण. नसबंदी आणि लसीकरण झालं की कुत्र्याला जिथून उचललं तिथंच परत आणून सोडायचं, असा नियम आहे. २०२३ च्या केंद्राच्या नियमावलीतही तो स्पष्ट आहे. म्हणजे याला एकदा कुणीतरी गाडीत घालून नेलं होतं, आणि आठवणीने याच वळणावर परत आणलं होतं.

“हा येतो का मागे?” मी टपरीवाल्या बाईंना विचारलं.

“जातो की. पाठीला पिशवी दिसली का निघाला.”

“आणि परत?”

“येतो. कधी दोन दिसांनी, कधी चार. मागच्या पावसाळ्यात पाय फाडून घेऊन आलता.” त्यांनी गाळणी आपटून चोथा काढला. “ह्याच्या आधी एक कुत्री हुती. ती गेली ती गेलीच.”

माझा चहा अर्धा राहिला होता. तो पुढे प्यावासा वाटला नाही.

कात्रज ते सिंहगड ही वाट पुण्यातल्या बहुतेक डोंगरवेड्यांनी एकदा तरी केलेली असते. बरेच जण ती पौर्णिमेच्या रात्री करतात, कारण डोंगर बोडके आहेत आणि दिवसा सावली मिळत नाही. आम्ही दोघींनी दिवस मुद्दाम निवडला होता. भाचीला फोटो हवे होते आणि मला पन्नाशीनंतर अंधारातल्या घसाऱ्यावर पाय टाकायचा नव्हता. सिंहगडापासून पूर्वेला पुरंदरकडे आणि तिथून पुढे यवतजवळच्या भुलेश्वराकडे सह्याद्रीचा जो फाटा गेला आहे, त्याचाच हा तुकडा. डोंगर तेरा, असं सगळे म्हणतात. कुणी चौदा मोजतो, कुणी सोळा. कुठल्या उंचवट्याला डोंगर म्हणायचं आणि कुठल्याला नुसता टेंगूळ, यावर प्रत्येकाचं मत वेगळं असतं. चालणं मात्र पंधरा-सोळा किलोमीटरच्या आसपास होतं आणि ते सगळं चढ-उतारांचं. एका माथ्यावर चढायचं, खिंडीत उतरायचं, पुन्हा चढायचं. वाटेत पिण्याचं पाणी मिळत नाही. म्हणून दोघींच्या पाठीवर प्रत्येकी चार लिटर.

हे पाणी दोघींच्या हिशोबाचं होतं, तिघांच्या नाही.

वाघजाईला नमस्कार करून आम्ही पहिल्या चढाला लागलो. तो आमच्या आधीच वर गेला होता. मी त्याला हाकललं. हात उगारला, “हाड!” म्हणाले, खाली वाकून दगड उचलल्यासारखं केलं. तो दहा पावलं मागे सरकला आणि बसला. आम्ही निघालो की तोही निघायचा. तीन वेळा असं झालं. चौथ्यांदा भाची म्हणाली, “मावशी, येऊ दे ना त्याला. त्याला आवडतंय म्हणून येतोय.”

“खिंडीपर्यंत बघू,” मी म्हणाले. खिंड आली आणि मी काही बोलले नाही.

उजव्या हाताला खाली पुणं धुक्यात बुडालेलं होतं. आंबेगाव, नऱ्हे, धायरीच्या इमारतींची फक्त वरची टोकं दिसत होती. डावीकडे शिवापूरचं खोरं आणि त्यातून जाणारा साताऱ्याचा रस्ता. ट्रकांचा आवाज इतक्या उंचीवरही कानावर येत होता. ऊन पाठीवर होतं. समोर पश्चिमेला सिंहगडावरचा दूरदर्शनचा मनोरा. या वाटेवर तो पहिल्या डोंगरापासून दिसतो आणि दहाव्या डोंगरावरूनही तेवढाच लांब वाटतो. रात्री त्याचे लाल दिवे बघत चालणाऱ्यांना हे चांगलं माहीत आहे.

कुत्रा वाट ओळखत होता, हे दुसऱ्याच डोंगरावर कळलं. आम्ही सरळ माथ्याकडे चढत होतो. तो माथ्यावर आला नाही. निम्म्या चढावरून गुरांची आडवी वाट जाते, ती धरून तो डोंगराच्या कुशीतून पलीकडे निघून गेला. आम्ही धापा टाकत माथ्यावर पोचलो, फोटो काढले, घसरत खिंडीत उतरलो, तर हा तिथं पुढचे पाय लांब करून बसलेला. तिसऱ्या डोंगरालाही तसंच. त्याच्या लेखी माथा म्हणजे वळसा घालून टाळायची गोष्ट होती आणि खिंड म्हणजे भेटायची जागा. गुराखीही असंच चालतात. कामाशिवाय कुणी माथ्यावर चढत नाही.

चौथ्या डोंगराला मात्र तो आडव्या वाटेच्या तोंडाशी थांबला. एकदा त्या वाटेकडे पाहिलं, एकदा आमच्याकडे, आणि आमच्या मागून सरळ वर आला. त्यानंतरच्या प्रत्येक माथ्यावर तो आमच्याबरोबर आला. भाचीला याचा आनंद झाला. माझ्या पोटात मात्र काहीतरी हललं, कारण त्या क्षणापर्यंत तो त्याच्या ओळखीच्या वाटेने चालत होता आणि आता तो आमच्या वाटेने चालायला लागला होता.

इथलं गवत डिसेंबरात कमरेएवढं आणि सोन्यासारखं पिवळं असतं. लांबून बघायला फार देखणं. त्यातून चालणाऱ्याला मात्र कुसळं भेटतात. मोज्यांत, बुटांच्या नाड्यांत, पँटच्या शिवणीत, सगळीकडे टोचून बसतात. आपण ती संध्याकाळी उपटून काढतो. कुत्र्याचं तसं नसतं. कुसळाला एकच दिशा माहीत असते, पुढची. ते बोटांच्या बेचक्यात शिरलं की प्रत्येक पावलागणिक आत सरकतं. कानात गेलं तर आणखी वाईट.

सहावा डोंगर उतरताना तो पुढचा डावा पाय टेकवताना कचरतो आहे असं मला वाटलं. खिंडीत करवंदाच्या जाळीची हाताएवढी सावली होती. तिथं बसलो. अनोळखी कुत्र्याच्या दुखऱ्या जागेला हात लावू नये, हे मला कळतं. मी भाचीला लांब बसवलं. डब्यातली भाकरी मोडून त्याच्यासमोर ठेवली, तो खायला लागला तेव्हा बाजूने हात नेऊन पंजा धरला. तो गुरगुरला. मी हात काढला नाही आणि घट्टही केला नाही. तशीच बसून राहिले. हळूहळू त्याचा घसा शांत झाला. बेचक्यात दोन कुसळं होती, एक वरवर, एक निम्म्याहून जास्त आत गेलेलं. प्रथमोपचाराच्या पुडक्यात चिमटा होता. आतलं ओढलं तेव्हा त्याने दात माझ्या मनगटाला लावले. रुतवले नाहीत. नुसते लावले, जसं कुणी आपला हात धरावं. मग कुसळ निघालं, रक्ताचा एक थेंब आला, आणि तो पंजा चाटायला लागला.

“त्याने आधी सांगितलं का नाही?” भाचीने विचारलं. ती एकोणीस वर्षांची आहे, पण त्या क्षणी आठ वर्षांची असताना विचारायची तसाच तिचा आवाज होता.

मला वाटतं, त्या दिवसाचा सगळा प्रश्न एवढाच होता. तो सांगत नाही. दुखलं तरी चालतो, तहान लागली तरी चालतो. माणसं पुढे जात आहेत एवढं त्याला पुरतं. आपण एकमेकींना म्हणू शकतो, थांब जरा, गुडघा दुखतोय, पाणी दे. आपल्या अंगाला सगळीकडून घाम येतो आणि तो वाळताना आपण गार होतो. म्हणूनच माणूस उन्हात तासन् तास चालू शकतो. कुत्र्याला घाम सुटतो तो जवळजवळ पंजांच्या तळव्यांनाच. बाकी सगळं काम जिभेवर. दहा वाजून गेले होते, त्याची जीभ लांब आणि रुंद होऊन बाहेर लोंबत होती. आमच्या मागे यायचं त्याने ठरवलं असेल. पण कुठं थांबायचं ते आता आम्हीच ठरवायचं होतं.

डब्याचं झाकण भरून पाणी दिलं. दोन, तीन, चार झाकणं. तो इतका आधाशासारखा प्यायला की झाकण पुढे ढकललं जात होतं आणि मला ते धरून ठेवावं लागलं.

सातव्या डोंगरावर त्याने ससा उठवला. गवतातून करड्या रंगाचा एक ठिपका सुटला आणि हा पाय विसरून त्याच्यामागे. मी ओरडले. ससा निसटला. त्याआधी दोनदा त्याने लावऱ्या उडवल्या होत्या, पायाखालून भर्रकन उठणाऱ्या. भाची हसली होती, मलाही पहिल्यांदा मजा वाटली होती. पण खरं बोलायचं तर हे बरं नाही. हा डोंगर सशाचा आहे, लावरीचा आहे. सिंहगडाच्या परिसरात बिबट्याही आहे आणि बिबट्याला कुत्रा हे सोपं भक्ष्य. टपरीवरच्या त्या आधीच्या कुत्रीचं काय झालं असेल याचा अंदाज बांधायला फार कल्पनाशक्ती लागत नाही. आपण पायथ्याशी एक बिस्किट टाकतो आणि एका प्राण्याला त्याच्या बाकाखालून उठवून या सगळ्याच्या मध्ये आणून सोडतो. हे आपण प्रेमाने करतो, यात मला शंका नाही. मीही प्रेमानेच केलं होतं.

त्याबद्दल आता सांगायला हवं.

नवव्या डोंगराच्या माथ्यावर धूसरपणा थोडा कमी झाला आणि नैर्ऋत्येला दोन ओळखीचे आकार दिसले. राजगडाचा बालेकिल्ला आणि त्याच्या उजवीकडे तोरण्याचा आडवा, भरभक्कम देह. भाचीने हात लांब करून विचारलं, “तो तोरणा ना?” मी हो म्हणाले आणि खाली बसले.

१९९३ सालचा जानेवारी. आम्ही कॉलेजातली आठ जणं. रात्रीच्या एसटीने गुंजवण्यात उतरलो, पहाटे चोरदरवाजाने राजगडावर चढलो. गावातून एक तांबडी कुत्री मागे आली. तिला आम्ही पद्मावतीच्या देवळापाशी खिचडी दिली. मग ती आमचीच झाली. संजीवनी माचीच्या टोकापर्यंत आली, अळू दरवाजातून आमच्याबरोबर उतरली, आणि राजगड-तोरणा जोडणाऱ्या त्या लांबलचक सोंडेवर दिवसभर चालली. चढ-उतार, रान, मधला रस्ता ओलांडायचा, पुन्हा चढ. तोरण्याच्या बुधला माचीखाली कातळाचा जो टप्पा लागतो, तिथं ती खाली येरझाऱ्या घालत रडायला लागली. आमच्यातल्या एकाने तिला चादरीत बांधून पाठीवर घेतलं आणि वर आणलं. काय टाळ्या वाजवल्या होत्या आम्ही! मेंगाईच्या देवळासमोर तिच्यासोबत काढलेला फोटो अजून माझ्याकडे आहे. आठ जणं आणि मधोमध ती, कान उभारून.

संध्याकाळी वेल्ह्यात उतरलो. पुण्याची शेवटची एसटी उभी होती. सगळे धावलो, चढलो, जागा पकडल्या. गाडी सुटली तेव्हा ती मागे पळत होती. मी शेवटच्या बाकावर होते, काचेतून मला ती पूर्ण दिसत होती. गावाच्या कडेपर्यंत आली. तिथं वेल्ह्याची दोन-तीन कुत्री तिच्या अंगावर धावून आली, आणि मग वळण आलं.

गुंजवणे आणि वेल्हे नकाशावर फार लांब नाहीत. पण त्यांच्या मध्ये डोंगर आहे, आणि रस्त्याने जायचं तर मार्गासनी-साखरकडून मोठा फेरा. ती डोंगरावरून आली होती. परत जायचं तर तिला त्याच कातळटप्प्यावरून उतरावं लागणार होतं, जो ती स्वतःच्या पायांनी चढलीच नव्हती. हे सगळं मला पुण्यात पोचल्यावर, अंथरुणावर पडल्यावर सुचलं. गाडीत सुचलं नाही. गाडीत आम्ही गाणी म्हणत होतो.

पुढच्या वर्षी पुन्हा गुंजवण्यात गेले तेव्हा मी दोन घरी विचारलं. तांबडी कुत्री, अशी अशी. “तांबडी लय हायती,” एक आजी म्हणाल्या. एवढंच.

आमच्या आजीने लहानपणी सांगितलेली युधिष्ठिराची गोष्ट मला त्या काळात वारंवार आठवायची. हिमालयाच्या चढावर आधी द्रौपदी पडते, मग भाऊ एकेक करून पडतात. शेवटी बरोबर राहतो तो एक कुत्रा, कुणीही न बोलावता हस्तिनापुरापासून मागे लागलेला. इंद्र रथ घेऊन येतो आणि म्हणतो, चल, पण कुत्र्याला इथंच सोड. युधिष्ठिर म्हणतो, विश्वासाने मागे आलेल्याला टाकून मला स्वर्ग नको. तो कुत्रा म्हणजे साक्षात धर्म होता, असं पुढे उलगडतं. आजी त्या उलगड्याशी आली की आम्ही पोरं टाळ्या पिटायचो. आता मला त्या उलगड्याची गरज वाटत नाही. तो साधा गावठी कुत्रा असता, त्याच्या आत कुणीही लपलेलं नसतं, तरी रथात चढायचं नव्हतंच. आणि आम्ही एसटी चुकेल म्हणून चढलो होतो.

हे सगळं मी भाचीला त्या नवव्या माथ्यावर सांगितलं. इतक्या वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं. ती काही बोलली नाही. कुत्रा आमच्या दोघींच्या सावलीत झोपला होता, सावली सरकली की तोही सरकत होता.

“मग आता काय करायचं?” तिने थोड्या वेळाने विचारलं.

पाणी मोजलं. दोघींत मिळून दीड लिटर उरलं होतं. साडेअकरा वाजत आले होते. समोर अजून चार डोंगर आणि त्यानंतर गडाचा चढ. आम्ही दोघीच असतो तर ओढून-ताणून झालं असतं. तिला तेरा पुरे करायचे होते. तिच्या मैत्रिणीने मागच्या महिन्यात केले होते, त्यावर त्यांच्यात पैज होती, आणि गडावरचं पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही यांचा उल्लेख ती पहाटेपासून करत होती. माझाही जीव गडात अडकलेला होता. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसरे जिथं पडले, त्या गडावर इतक्या वेळा जाऊनही पूर्वेच्या बाजूने, डोंगरामागून डोंगर ओलांडत त्याच्याकडे चालत जाण्यात काही वेगळंच आहे. गड हळूहळू मोठा होत जातो, आणि रात्री अनोळखी कड्याखाली उभं राहिलेल्या माणसांना तो केवढा वाटला असेल, हे पायांना थोडंसं कळतं.

“अकरा करू,” मी म्हणाले. “अकराव्याच्या खिंडीतून गुरांची वाट घाटरस्त्याकडे उतरते. गड पुन्हा करू.”

तिचा चेहरा उतरला. मी समजूत घातली नाही. तिनेही वाद घातला नाही. उठताना तिने तिच्या बाटलीतलं पाणी झाकणात ओतलं आणि त्याच्यापुढे धरलं.

दहावा आणि अकरावा डोंगर कसे गेले ते नीटसं आठवत नाही. ऊन डोक्यावर आलं होतं. घसाऱ्यावर मुरमाचे गोल खडे पायाखालून पळत होते. दोनदा बसून उतरले. कुत्रा माझ्या पुढे चार हात चालायचा आणि वळून बघायचा. कातळ तापला होता, त्यावरून जाताना तो पाय पटापट उचलायचा, म्हणून जिथं जमेल तिथं आम्ही गवताच्या कडेने चाललो. घायपाताच्या एका बेटापाशी त्याने अंग टाकलं तेव्हा आम्हीही बसलो. वीस मिनिटं कुणी उठलं नाही. या वाटेवर आतापर्यंत मी इतकी कधी थांबले नव्हते. खडकाचे थर त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिले. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा एकावर एक पसरत गेला, त्याच्या या पायऱ्या. प्रत्येक डोंगराच्या कुशीत त्याच पातळीवर तीच काळी पट्टी, आणि तिच्यावर तोच गवताचा पिवळा पट्टा. आम्ही ज्यांना तेरा वेगळे डोंगर म्हणून मोजत होतो तो मुळात एकच दगड, पाण्याने मध्ये मध्ये कोरलेला.

घाटरस्त्यावर उतरलो तेव्हा दोन वाजून गेले होते. रविवार असल्याने गाड्यांची रांग लागली होती. डांबर लागताच त्याचं चालणंच बदललं. शेपूट खाली गेलं, तो माझ्या पोटरीला चिकटून चालायला लागला. एका कणीस-विक्रीच्या टपरीजवळून तीन कुत्री उठली. आधी नुसती उभी राहिली. मग एक पुढे आलं, दात काढून. त्याने पळायचा प्रयत्न केला नाही, माझ्या दोन पायांच्या मध्ये येऊन उभा राहिला. त्याच्या अंगाची थरथर मला गुडघ्यापर्यंत जाणवत होती. काठी आपटत, ओरडत, आम्ही दोघींनी त्याला मध्ये घेऊन तो तुकडा पार केला. टपरीवाल्या दादांनीही त्यांची कुत्री हाकलली. त्या क्षणी मला वेल्ह्याचं ते वळण दिसलं. वळणामागे काय झालं असेल ते इतकी वर्षं मी पाहायचं टाळलं होतं.

वडाप जीपवाल्याने मान हलवली. कुत्रं नाही. दुसराही नाही म्हणाला. त्यांचंही बरोबर होतं, माणसं खच्चून भरलेली होती. आम्ही कोंढणपूरच्या फाट्याकडे चालत राहिलो. भाचीने ओढणी काढून त्याच्या गळ्यात सैल बांधली. तो जरा बावरला, मग चालायला लागला.

शेवटी कोंढणपूरमार्गे जाणारा एक छोटा टेम्पो थांबला. मागे वालघेवड्याचे आणि फ्लॉवरचे क्रेट. मार्केट यार्डाला निघालेला.

“कुठं जायचंय ताई?”

“कात्रजच्या जुन्या बोगद्यापाशी. आम्ही दोघी आणि हा.”

त्याने खाली वाकून बघितलं. “तुमचं हाय का?”

“नाही. तिथलंच आहे. सकाळी आमच्या मागे आलं.”

“मग सोडा की हितंच. खाईल कुठंबी.”

मी त्याला टपरीजवळच्या तीन कुत्र्यांबद्दल सांगितलं. तो काही वेळ स्टिअरिंगवर बोटं वाजवत राहिला. “आमच्या गावातली बी तशीच हायती,” तो म्हणाला. “फाडून टाकतील ह्याला.” मग उतरून त्याने मागचा फाळका खाली केला. “बसा मागं. क्रेटला धक्का लावू नका फक्त.”

कुत्र्याला उचलावं लागलं. दिसायला मोठा, हातात घेतल्यावर हलका. फासळ्या लागत होत्या. मी क्रेटला पाठ लावून बसले, तो माझ्या मांडीवर डोकं टाकून पडला आणि पहिल्याच वळणाला झोपला. शिवापूर आलं, मग मोठा रस्ता, मग शिंदेवाडीवरून जुना घाट. संपूर्ण रस्ता आमच्या डाव्या हाताला ती रांग उभी होती. सकाळी तासन् तास लागलेले डोंगर एकेक करून मागे जात होते. भाचीने मोजायला सुरुवात केली आणि सातवर सोडून दिली.

बोगद्याच्या अलीकडे टेम्पो हळू झाला तसा तो उठून बसला. हवा हुंगली. फाळका पडायच्या आतच त्याने उडी मारली.

टपरीवरच्या बाईंनी चहाचं आधण ठेवलं होतं. त्यांनी कुत्र्याकडे बघितलं, त्याच्या गळ्यातल्या ओढणीकडे बघितलं, मग आमच्याकडे.

“घेऊन आलात?”

“हो.”

त्या आत गेल्या आणि जुन्या पत्र्याच्या डब्यात पाणी घेऊन आल्या. तो प्यायला. मग बाकाखाली, सकाळी जिथं होता नेमका तिथंच, स्वतःभोवती एक फेरी मारून बसला. भाचीने वाकून ओढणी सोडवली. टेम्पोवाल्याने चहा घेतला, आम्ही घेतला. या वेळी मी कप पूर्ण संपवला. पैसे द्यायला गेले तर बाईंनी टेम्पोवाल्याचे घेतले, आमचे घेतले नाहीत. त्याचं नाव काय, असं भाचीने विचारलं. “नाव कसलं,” बाई म्हणाल्या, “ए म्हनलं की येतो.”

पंजा दोन दिवस बघा, सुजला तर मला कळवा, म्हणून मी एका कागदावर माझा नंबर लिहून दिला. त्यांनी तो साखरेच्या डब्याखाली ठेवला.

टेम्पो आम्हाला कात्रज चौकात सोडणार होता. आम्ही पुन्हा मागे चढलो. गाडी सुरू झाली तसा तो बाकाखालून उठला, रस्त्याच्या कडेपर्यंत आला. माझे हात फाळक्याच्या पत्र्यावर घट्ट झाले. तो डांबराच्या काठाशी थांबला, मागचे पाय दुमडून बसला, आणि पंजा चाटायला लागला.

बोगद्यात शिरेपर्यंत मी बघत होते. तो तिथंच बसलेला होता.